उणे सत्तेचाळीस

शेतकरी भदौरियाजींनी आमच्या केंद्रात तूरीची पहिली ट्रॉली आणली, तेव्हा ती रिकामी करण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मैडम, घर की बात है, सच बताइए. इससे हवाई जहाज़ उड़ेगा?"

"उड़ेगा," मी म्हटलं.

"पूरी ट्रॉली में कितना तेल निकलेगा?"

"अभी तो एक ड्रम भी नहीं भरेगा."

तेवढ्यात महाराजपुऱ्याच्या बाजूने हवाई दलाची दोन विमानं डोक्यावरून गेली. ग्वाल्हेरच्या माणसाला त्या आवाजाचं काही वाटत नाही. बोलणं मध्येच थांबवायचं आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं. भदौरियाजींनी मात्र त्या दिवशी मान वर करून पाहिलं. "एक ड्रम में तो ये मुड़ भी नहीं पाएगा," ते म्हणाले. "हमारा भट्ठेवाला ही भला. ईंट तो पकती है." तरी ट्रॉली त्यांनी रिकामी केली, आणि पुढे दर हंगामात आणत राहिले.

तूरी म्हणजे मोहरी झोडपून काढल्यावर मागे उरलेली काटकं आणि शेंगांची टरफलं. आपल्या तुरीच्या डाळीशी तिचं काही नातं नाही. आमच्याकडे चंबळच्या बाजूला शेतंच्या शेतं मोहरीची, त्यामुळे तूरी अमाप. जनावरं ती फारशी खात नाहीत. वीटभट्टीवाले नेतात, उरलेली शेतातच जाळतात. त्या तूरीपासून विमानाचं इंधन बनवून पाहणारं एक छोटं केंद्र मुरारच्या पुढे आहे, आणि तिथे मी रसायनतज्ज्ञ म्हणून काम करते. पुण्याची माझी मावशी दर फोनला विचारते, "अजून त्या भुशातच आहेस का गं?" आहे. बरीच वर्षं झाली.

काम सांगते. तूरी बारीक करायची, वाळवायची आणि अगदी थोड्या हवेत तापवायची, म्हणजे ती पेट न घेता तिचा वायू होतो. तो वायू धुऊन स्वच्छ करायचा आणि उत्प्रेरकावरून न्यायचा. दुसऱ्या टोकाला मेण मिळतं, पांढरंशुभ्र, देवापुढच्या मेणबत्तीसारखं. मग त्या मेणाचे हायड्रोजनच्या दाबाखाली तुकडे करायचे आणि शेवटी ऊर्ध्वपातन. जे हाती येतं ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. बघणाऱ्याला वाटतं, एवढा खटाटोप करून बाईंनी पाणीच काढलं.

माझं काम या साखळीच्या दोन टोकांना. पहिल्या टोकाला तूरीतला ओलावा मोजायचा. यावरून भदौरियाजींचं आणि माझं दर खेपेला वाजतं, कारण पैसे कोरड्या वजनाचे मिळतात, आणि वाटेत धूळ उडू नये म्हणून ते ट्रॉलीवर पाणी मारून आणतात. मी मूठभर तूरी तोलून भट्टीत वाळवते आणि पुन्हा तोलते. तोवर ते शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे दाराशी उभे.

"कितना निकला?"

"बाईस प्रतिशत."

"उसमें से कुछ माफ़ तो करेंगी?"

"पानी आपने डाला, माफ़ी मैं दूँ?"

"हमने नहीं डाला मैडम, रास्ते में ओस गिरी." ही ओस, म्हणजे दंव, भर दुपारी, कडक उन्हात पडलेली असते.

दुसऱ्या टोकाचं काम म्हणजे तयार इंधन कितपत थंडी सोसतं ते पाहणं. मला सांगायचं आहे ते या टोकाचं.

ग्वाल्हेरातल्या मराठी घरांना ही गोष्ट समजवावी लागत नाही. आमचे शेजारी डोक्याला मोहरीचं तेल लावतात, ते पौषातही वाहतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून खोबरेल सोडलं नाही, त्यामुळे हिवाळाभर बाटली उन्हात नाहीतर गॅसजवळ. विमान जिथे उडतं तिथली थंडी आपल्या पौषाच्या कैक पट. तिथे इंधनात मेणाचे कण धरले तर ते गाळणीत अडकतात, आणि इंजिनाला तेल पोचत नाही. म्हणून नियम असा, की उणे सत्तेचाळीस अंशांपर्यंत इंधनात एकही कण राहता कामा नये. त्याहून थंडीत धरला तर चालतो.

कण का धरतात? इंधनाचे रेणू तूरीच्या काड्यांसारखे सरळ असले की एकमेकांना चिकटून त्यांची मोळी बांधली जाते. तेच बाभळीच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेले असले तर कितीही दाबा, मोळी होत नाही. तेव्हा सरळ रेणूंना फाटे फोडायचे, ही सगळी कारागिरी. हे उदाहरण माझं नाही, दिघे सरांचं.

दिघे सर आमच्या प्रयोगशाळेचे सल्लागार. बंद पडलेल्या एका गिरणीच्या प्रयोगशाळेत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. साठी उलटल्यावर ते करारावर आमच्याकडे आले. घराणं मूळचं दरबारातल्या पुरोहितांचं. "आमचे आजोबा सरदारांकडे सोवळं सांभाळायचे," ते म्हणायचे, "मी नळ्या सांभाळतो. शिवायचं नाही हा नियम तोच." प्रत्येक अहवालावर शेवटची सही त्यांची.

गोठणबिंदू पाहायला आता आपोआप चालणारी यंत्रं मिळतात. आमच्याकडे तेव्हा नव्हतं, जुनी हाताची पद्धत होती. दुहेरी भिंतीच्या काचनळीत इंधन घ्यायचं, त्यात तापमापक आणि ढवळायची दांडी. नळी अल्कोहोल आणि कोरड्या बर्फात बुडवायची आणि सतत ढवळत राहायचं. थंडी वाढली की इंधनात बारीक स्फटिक चमकू लागतात. मग नळी बाहेर काढून ढवळत ढवळत आपोआप तापू द्यायची. शेवटचा स्फटिक ज्या तापमानाला विरतो तो गोठणबिंदू.

यात सरांची शिस्त अशी, की माणसं दोन लागतात. एकाने फक्त स्फटिक पाहायचे आणि दिसेनासे झाले की "गेले" म्हणायचं. दुसऱ्याने त्या क्षणी तापमान वाचायचं. पाहणाऱ्याला आकडा दिसता कामा नये, नाहीतर डोळा आकड्यामागे धावतो. यासाठी वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, तापमापकाच्या दांड्याला जुन्या महेश्वरी साडीची एक झापड शिवून दिली होती. ती फक्त मागच्या बाजूने उघडी. मग जागा बदलायच्या आणि पुन्हा सगळं करायचं. दोघांचे आकडे दीड-दोन अंशांत जुळले तरच ग्राह्य. आमचे नेहमी जुळायचे.

त्या हिवाळ्यात बनवलेलं इंधन बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत तपासणीला जायचं होतं. तिथे ते उतरलं तर केंद्र पुढे चालेल, असं दिल्लीहून कळवलं होतं. सरांचा करार त्याच वर्षी संपत होता. "एकदा आपल्या हातचं तेल पास झालेलं पाहिलं, की मी सुटलो," असं ते रोज कोणाला ना कोणाला सांगत.

पाठवण्याआधी आम्ही ते आमच्या नळीत लावलं. आधी मी पाहायला बसले. "गेले," म्हटलं. सरांनी भिंग लावून वाचलं. साठीनंतर भिंग कोण लावत नाही? "उणे चव्वेचाळीस," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन अंशांनी नापास.

मग ते पाहायला बसले. नळी थंड झाली, बाहेर काढली, तापू लागली. "गेले," सर म्हणाले. मी वाचलं, उणे एकोणपन्नास. मग मी सहज वाकून नळीत पाहिलं. स्फटिक होते. चांगले फिरत होते.

"किती?"

"उणे एकोणपन्नास."

"मग झालं की! पास!"

"सर, माझे चव्वेचाळीस होते."

"पाच अंशांचा फरक? तुझ्या वेळेला काचेवर दंव धरलं असेल. पूस आणि परत लाव."

मी काच पुसली आणि पुन्हा लावली. माझे तेच, त्यांचे उणे पन्नास. सरांनी दांडी खाली ठेवली. "आज राहू दे. थंडीने तुझ्या डोळ्यांत पाणी येतंय."

पाणी येत नव्हतं. मात्र त्यांच्यापुढे असं कधी बोलले नव्हते, त्या दिवशीही बोलले नाही.

रात्री घरी जेवायला बसलो. मुलगी म्हणाली, "आई, तुझे दिघे काका नाराज़ हैं क्या? काल फूलबागेत एकदम समोर आले, मी नमस्कार केला, और वो सीधे निकल गए. जैसे मैं हूँ ही नहीं."

माझा घास हातातच राहिला. ही मुलगी सरांनी कडेवर घेतलेली.

मुलगी उठून गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. हे बँकेत आहेत, मोजून बोलतात. "बाहेरच्या तपासणीत चूक पकडली जाईलच," हे म्हणाले. "पण मग इतकी वर्षं सांभाळलेल्या सहीवर ठपका बसेल. दुसऱ्या कोणी सांगितलं तर ती तक्रार होईल. सांगायचं तर तूच सांग."

रथसप्तमी व्हायची होती, तेव्हा तिळगुळाचं निमित्त होतं. आम्ही इथले लोक तिळगूळ म्हणून गजकच देतो. रविवारी मी गजकाचा डबा घेऊन दाल बाज़ारच्या मागे सरांच्या घरी गेले. सर बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. वहिनींनी मला चहाला म्हणून आत नेलं.

"साखर त्या स्टीलच्या डब्यातली घे," वहिनी म्हणाल्या.

"साखर तर बरणीत असायची ना तुमच्याकडे?"

"बरणीत आता मीठ. मीठ-साखर एकसारख्या डब्यांत ठेवत नाही मी. डबा हाताला वेगळा लागला पाहिजे." त्यांनी गॅस बारीक केला. "दिवाळीपासून."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसतं, म्हणून चालताना ठेच लागत नाही. समोरचं पुसट होतं. इंजेक्शनं चालू आहेत, उरलंय तेवढं टिकावं म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला शपथ घातली आहे, तेल पास होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही म्हणून. मी काही सांगितलेलं नाही हं तुला. साखर कुठे आहे एवढंच सांगितलं."

मी चहा गाळत राहिले.

"वैशाली, तू बोल त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "पण चार माणसांत नको गं."

बाहेर आल्यावर सरांनी रेडिओ बंद केला. "गोड गोड बोला म्हणालीस, गजक दिलीस. जे बोलायला आलीस ते मात्र बोलली नाहीस."

"उद्या बोलते, सर. नळीसमोर."

त्यांनी रेडिओ पुन्हा लावला.

सरांचाच एक नियम होता. मोजमापात शंका आली तर इंधनाला दोष देण्याआधी ठरलेला नमुना लावायचा, म्हणजे ज्याचा गोठणबिंदू आधीच पक्का माहीत आहे असं इंधन. त्याची सीलबंद बाटली आमच्या कपाटात असते. सोमवारी मी आमचा तिसरा सहकारी इम्रान याला ट्रॉल्यांच्या वजनाला पाठवलं आणि ती बाटली टेबलावर ठेवली.

"सर, आज ठरलेला नमुना लावू या. आधी माझी नजर तपासू, मग तुमची."

सरांनी बाटली हातात घेतली, झाकणावरून अंगठा फिरवला. "बरं," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे आहे."

माझा आकडा बाटलीवरच्या आकड्याशी जुळला. मग सर बसले. मी मागे उभी राहून तापमान पाहत होते. नळी चांगली थंड झाल्यावर त्यांनी ती बाहेर घेतली. दांडी वर-खाली होत होती, एका लयीत, कुठेही न अडखळता. तसं ढवळणं मला अजून जमत नाही.

उणे पंचावन्न. उणे पन्नास. इथे "गेले" यायला हवं होतं. सर बोलले नाहीत. पंचेचाळीस झाले, चाळीस झाले. नळीतलं इंधन केव्हाच लख्ख झालं होतं आणि सर तिच्याकडे पाहत ढवळतच होते. मला थांबा म्हणवेना.

"वैशाली, किती झालं?"

"उणे तीस, सर."

"मग केव्हाच गेले असतील."

"हो."

"मला ते आलेलेच दिसले नाहीत," सर म्हणाले. "गेले कसं म्हणू?"

दांडी थांबली. मी न विचारताच ते म्हणाले, "परवा अंदाजाने म्हटलं. इतकं ढवळलं की जातात, हे हाताला माहीत झालंय. आणि मनात होतं की जावेत. मनात असलं की तोंडातून निघून जातं गं."

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. मग सरांनीच फोन मागितला आणि दिल्लीच्या प्रमुखांना लावून दे म्हणून सांगितलं. त्यांचं बोलणं मला जवळजवळ तोंडपाठ आहे. "नमुना नापास आहे. उणे चव्वेचाळीस. पाहणारी वैशाली. माझी नजर ग्राह्य धरू नका, आणि यापुढेही धरू नका, माझे डोळे गेलेत." त्यांनी हे हिंदीत सांगितलं, पण वाक्यं एवढीच होती. मग प्रमुखांनी विचारलं, दूसरा बैच कब तक? सरांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे मान वळवली. "वैशाख," मी म्हटलं.

पुढचे महिने आम्ही फाटे फोडण्याच्या टप्प्यावर घालवले. तापमान थोडं चढवलं, मेण उत्प्रेरकावरून सावकाश नेलं. असं केलं की गोठणबिंदू खाली येतो, पण काही इंधनाचा वायू होऊन हाती कमी लागतं. दोन्ही जमवणं म्हणजे कसरत. भदौरियाजींना बातमी लागली होती. "सुना है आपका तेल फेल हो गया?" त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाले, "हमारी तूरी में तो कोई खोट नहीं थी न?" त्या हंगामात त्यांच्या एकाही ट्रॉलीवर ओस पडली नाही.

वैशाखात तपासणीच्या दिवशी मी सरांना बोलावलं. करार संपला होता, ते पाहुणे म्हणून आले. ग्वाल्हेरचा वैशाख म्हणजे कोरडा बर्फ बघता बघता उडून जातो, म्हणून सगळं भराभर उरकायला हवं होतं. मी पाहणार होते आणि इम्रान वाचणार होता. सर उभेच होते.

"सर, ढवळायला तुम्ही बसता?" मी म्हटलं.

"माझी सही नाही चालायची."

"सही नको. माझा हात अडखळतो."

ते बसले आणि दांडी हातात घेतली. मी नळीला डोळा लावला. सगळं नेहमीसारखं झालं. स्फटिक आले, नळी बाहेर काढली, ती तापू लागली, आणि मी "गेले" म्हटलं.

"माइनस इक्यावन," इम्रान म्हणाला, आणि नियम विसरून टाळी वाजवली.

"टाळ्या नंतर," सर म्हणाले. "जागा बदला."

इम्रान पाहायला बसला, मी वाचलं. आकडा जुळला. इम्रान दिल्लीला कळवायला धावला. सर उठतील असं मला वाटलं. ते उठले नाहीत.

"बर्फ उरलाय का थोडा?"

"आहे."

"मग पुन्हा एकदा थंड कर. आकड्यासाठी नाही. तू पाहा, आणि या वेळी मला सांगत राहा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला नळीसमोर एका शब्दापलीकडे बोलू दिलं नव्हतं. मला आकडे सांगता येतात, वर्णन जमत नाही. तरी सांगू लागले. "अजून काही नाही, सर. स्वच्छ आहे. आता तळाशी काहीतरी हललं. हं, आले. चक्कीवर उन्हाच्या तिरिपेत पीठ उडतं ना, तसे."

"बारीक?"

"बारीक. पण वळले की चमकतात. आता सगळ्या नळीत आहेत."

सरांनी नळी बाहेर घेतली. दांडी वर-खाली होत राहिली. "आता?"

"कमी होताहेत. काचेजवळचे आधी गेले. मध्ये आहेत अजून. आता अगदी थोडे. मोजता येतील."

"मोज."

"पाच. तीन. सर, एकच उरलाय. तुमच्या दांडीजवळ फिरतोय."

सरांनी ढवळणं अगदी हळू केलं, त्याला धक्का लागू नये इतकं हळू. चेहरा नळीकडे, डोळे मिटलेले.

"आहे?"

"आहे अजून."

"असू दे," सर म्हणाले. "घाई नाही."